माजघरातला वड

आमच्या घरातून दोन गोष्टी बाहेर न्यायच्या नाहीत असा आईचा नियम होता. एक काकूचा वड, अन् दुसरी मी. वडाले बाहेरच्यायची नजर लागते म्हणून, अन् माह्यी जीभ बाहेरच्यायले लागते म्हणून. झालं असं होतं का, मले लहानपणापासून आवाज काढायची खोड. पोस्टमनचा काढू, दूधवाल्याचा काढू, शिवण शिकवणाऱ्या बाईंचा नाकातला काढू, कापसाच्या जिनिंगचा भोंगा तं असा काढू का शेजारच्या घरचे लोक डबा घेऊन निघत. एका लग्नात मी नवरदेवाच्या आत्याचा आवाज काढला. पोरी हसून हसून लोळल्या अन् मंग एकदमच चूप झाल्या, कारण आत्या माह्या मागंच उभी होती. ती जेवली नाही. तिची मनधरणी करता करता पंगत तासभर थांबली, अन् वरण पार थंड झालं. त्या दिवसापासून आई मले लग्नाकार्यात नेताना आधी तोंडात सुपारी कोंबत असे. सुपारी संपेपर्यंत मी भली पोरगी होती.

काकाले मात्र माह्या आवाजायचं भलतंच कौतुक. "मैना" हे नाव त्यायनंच ठेवलेलं. शाळेच्या रजिस्टरात माह्यं नाव दुसरं होतं, पण ते रजिस्टरातच राहिलं. काका म्हणजे माह्या वडलांचे धाकटे भाऊ, जिनिंगमध्ये फिटर. हडकुळे, लांब मानेचे, अन् हसवायची वेळ आली का स्वतः न हसणारे. कापसाच्या तुसात वर्षानुवर्षं काम करून त्यायच्या छातीत खोकला घर करून बसला होता. त्या खोकल्याचे तीन भाग होते. आधी कोणी दार वाजवल्यासारखा बारीक, दोनदा. मंग लांब, गाडी चढणीले लागल्यासारखा. अन् शेवटी "हंऽ" असा सुस्कारा, काम आटोपल्यावानी. त्याच्यावर लगेच, "पानी दे वं." काकू दुसऱ्या भागालेच उठलेली असे. आमच्या घरी घड्याळ होतं, पण ते बंद होतं. काकाचा खोकला चालू होता, अन् आमचं सगळ्यायचं तेवढ्यावर भागून जाई.

आता वडाचं सांगते. आमच्या घराण्यात कोण्या एका पिढीत, कोण्या एका बाईच्या डोक्यावर वटपौर्णिमेच्याच दिवशी वडाची फांदी पडली होती म्हणे. बाईले खरचटलंही नाही, पण ओरडा ऐकून नवरा धावत आला तो पाय घसरून विहिरीत गेला. तेव्हापासून आमच्याकडल्या बाया वडाले जात नव्हत्या. फांदी तोडून आणायची अन् घरीच पुजायची. काकूचे वडील शिरपूरचे, झाडपाल्याची औषधं देणारे. लग्न ठरलं तेव्हा त्यायच्या कानावर ही रीत आली अन् ते म्हणाले, "संध्याकाळपावतर सुकते ते फांदी. तिच्यापाशी सात जनम कसे मागता बाप्पा?" त्यायनं एका जुन्या विहिरीच्या कठड्यात उगवलेला वड काढून दगडाच्या पसरट कुंडीत वाढवला होता. छाटून छाटून तो हातभरच ठेवलेला. खोड मनगटाएवढं, पानं बोराच्या पानापेक्षा जराशी मोठी, अन् फांद्यायले सुताएवढ्या बारीक पारंब्या. तोच वड त्यायनं लेकीसोबत दिला. काकू सासरी आली ती मोटरीत वड मांडीवर घेऊन. आई सांगते, गृहप्रवेशाच्या वेळी माप ओलांडताना तिनं कुंडी खाली ठेवायले साफ नाही म्हणलं. मोठ्या जावेनं, म्हणजे आईनं, काय समजायचं ते तेव्हाच समजून घेतलं.

आजकाल असल्या झाडाले बोन्साय म्हणतात. माह्या नातवानं मले मोबाईलवर दाखवलं, जपानात कसे करतात, तारा कशा बांधतात. मी म्हणलं, आमच्या माजघरात होतं असं. त्याले वाटलं आजी पुन्हा नक्कल करून राह्यली.

वड ओसरीतल्या खिडकीत राही. दरवर्षी वटपौर्णिमेले काकू हिरवं लुगडं नेसून त्याच्याभोवती फिरे. आता हातभर झाडाभोवती फिरायचं म्हणजे जागच्या जागी गरगर फिरल्यासारखंच होते. काका बाजेवर बसून म्हणत, "हळू वं, चक्कर येईन. मी काई कुठं जाऊन नाही राह्यलो." सात फेरे, अन् सात वेढे सुताचे. ते सूत कधी काढायचं नाही. सूत कापलं तं नवऱ्याचं आयुष्य कापल्यासारखं होते, असं तिले माहेरूनच सांगून पाठवलेलं. बाहेरच्या वडाले हे चालते. तिथं उन्हापाण्यानं सूत सडते, खारी ओढून नेतात, पुढच्या वर्षी काही राहत नाही. पण आमच्या खिडकीत ना पाऊस, ना खार. अकरा वर्षायचं सूत खोडावर जसंच्या तसं. वरून हळद, कुंकू, दुधाचे थेंब. मधातून खोड असं दिसे जसं कोणी गळ्याले फडकं बांधून आजारी पडलं आहे.

संक्रांत झाली अन् काकाले खोकल्यातून रक्त पडलं. वडील त्यायले घेऊन दूरच्या शहरात छातीच्या दवाखान्यात गेले अन् एकटेच परत आले. सहा महिने तरी ठेवून घेऊ म्हणे. घर एकदम चूप झालं. भाकर थापल्याचा आवाज मोठा वाटे. दुपारी काकू दोनदा तीनदा पाण्याचा तांब्या भरून उभी राही, अन् मंग तसाच ठेवून देई. जीव कशात तरी गुंतवायचा म्हणून तिनं वडाकडं जास्त लक्ष देणं सुरू केलं. खिडकीत धूळ येते म्हणून त्याले माजघरात नेलं, आपल्या अंथरुणाजवळ. शेजारी समई. रोज सकाळी पाणी, सोमवारी दूध, गुरुवारी गूळ घातलेलं पाणी. अन् वटपौर्णिमेची वाट न पाहता दर पौर्णिमेले एक वेढा जास्तीचा. आमचं माजघर असं का तिथं भर दुपारी सुईत दोरा ओवायचा तं दारात यावं लागे. वड तिथं गेला अन् पंधरा दिवसात पानं पिवळी पडली. काकूनं पाणी वाढवलं. पानं गळायले लागली. काकूनं दूध वाढवलं.

काकाची कार्डं येत. काकूले वाचता येत नव्हतं, म्हणून वाचायचं काम माह्यं, अन् तिनं सांगतलेलं लिहायचं कामही माह्यं. पहिलं कार्ड मी शाळेतल्या धड्यासारखं वाचलं तं काकूले काही समजलंच नाही. मंग मी ते काकाच्या आवाजात वाचलं. "इथं खाटा पांढऱ्या, चादरी पांढऱ्या, दूध मात्र निळं." काकू हसली. खूप दिवसायनं हसली. तेव्हापासून सगळी कार्डं मी त्याच आवाजात वाचू लागली. प्रत्येक कार्डात शेवटी एक ओळ ठरलेली, वडाची हालहवाल लिवजो. अन् काकू दरवेळी मले सांगे, "लिव, वड मजेत आहे." मी एकदा म्हणलं, "काकू, अर्धी पानं गेली त्याची." ती म्हणे, "तू लिव." मी लिहिलं. खोटं लिहिताना अक्षर आपोआप बारीक होते, हे मले तेव्हाच समजलं.

मंग कार्ड येणं बंद झालं. एक हप्ता, दोन हप्ते. पोस्टमन समोरून जाई अन् आमच्या घराकडं पाहणं टाळे. आई म्हणे, "सुट्ट्या असतीन पोस्टाले." पोस्टाले एवढ्या सुट्ट्या नसतात हे घरात सगळ्यायलेच माहीत होतं. वडावर तेव्हा मोजून नऊ पानं होती. काकू ती रोज मोजे. सकाळी अंथरुणातून उठली का आधी पानं, मंग चूल. ती तोंडानं काही बोलली नाही, पण एवढ्या लहान घरात न बोललेलं लवकर समजते. ह्या झाडाले काही झालं तं तिकडं त्यायले काही होईन, असं तिनं मनात पक्कं धरलं होतं. अन् वटपौर्णिमा महिन्यावर आली होती.

आता मी काय केलं ते सांगावं लागते. दुपारची वेळ, आई गव्हाचा चीक काढायच्या तयारीले लागलेली, काकू आत निजलेली. मी ओसरीत एकटी. मले वाटलं, घर फारच चूप आहे, जरा हसवावं. मी काकाच्या बाजेवर बसली, मान लांब केली अन् खोकली. आधी दार वाजवल्यासारखं दोनदा. मंग लांब. मंग "हंऽ". "पानी दे वं." एवढा हुबेहूब मले पुन्हा कधी जमला नाही. आतून भांडं पडल्याचा आवाज आला अन् काकू पळत बाहेर आली. पदर खांद्यावर नाही, केस सुटलेले, हातात तांब्या, अर्धं पाणी रस्त्यात सांडलेलं. तिनं बाजेकडं पाह्यलं. बाजेवर मी.

ती रागवली नाही. रागवली असती तं बरं झालं असतं, रागवणाऱ्यायची नक्कल करता येते. तिनं तांब्या माह्यासमोर ठेवला. "पे," म्हणली, "मांगतलं होतं न." अन् आत गेली. मी ते पाणी सगळं पिली. दुसरं काय करणार.

दुसऱ्या दिवशी हसनचाचा आंब्याचं टोपलं घेऊन आले. चाचा बागवान. फळं विकत, अन् हंगामात लोकायच्या मळ्यात संत्र्याच्या कलमाचे डोळे बांधायले जात. आमच्या पलीकडल्या गल्लीत घर. त्यायचा आवाजही मी काढत असे, "लेऽ लो आंबाऽ शक्करवानी", अन् चाचा मले लाच म्हणून एक आंबा देत, का बापा दुसऱ्या आळीत हा आवाज काढू नोको, लोक तुह्याच मागं लागतीन. त्या दिवशी मी आंबा घेतला नाही. त्यायले म्हणलं, "चाचा, एक झाड दाखवायचं आहे. मरून राह्यलं."

"आन बाहेर."

"ते बाहेर नाही येत."

चाचा हसले. "तुह्यं झाड काय गोषात राह्यते काय वं?"

आईनं दारातून ऐकलं. आईचं एक होतं, वेळ आली का ती नियम कोणाचा आहे हे पाहत नसे. "झाड बाहेर नाही येत तं तुमीच आत या भाऊ," ती म्हणली. चाचा चपला ओसरीखाली काढून, टोपी सारखी करून, माजघरात आले. काकू पदर घेऊन भिंतीशी उभी. चाचायनं आधी झाडाकडं पाह्यलंच नाही. वर पाह्यलं, छपराकडं. मंग भिंतीकडं, मंग समईकडं. "उजेड कुठून येते इथं?" त्यायनं कुंडीतल्या मातीत बोट घातलं, बाहेर काढून हुंगलं अन् तोंड वाकडं केलं.

"दूध घालता काय बाई?"

"सोमवारी," काकू म्हणली. मंग थोडं थांबून, "रोजच."

"वड हाय का वासरू?" चाचा म्हणले. मले हसू आलं पण मी दाबलं. त्यायनं खोडावर नखानं बारीकशी ओरखड काढली. काकूच्या तोंडातून "आई गं" निघालं. ओरखडीतून पांढरा ठिपका वर आला, राईएवढा. "हे पाहा," चाचा म्हणले, "चीक हाय. चीक हाय तं जान हाय. हे काई बिमारीनं नाही मरून राह्यलं. लाडानं मरून राह्यलं." मंग त्यायनं सुतावरून बोट फिरवलं. सुताच्या वर खोड फुगलेलं होतं, खाली बारीक. "आमी संत्र्याचा डोळा बांधतो न बाई, तं पट्टी तीन हप्त्यात सोडाच लागते. राहून गेली तं पट्टीच फांदी खाऊन टाकते. हे तं किती वर्साचं?"

"अकरा."

चाचायनं डोक्याले हात लावला. मंग सांगतलं, सूत काढा. झाड कुंडीतून उपसून मुळं छाटा, माती बदला. अन् उघड्यावर ठेवा, अंगणातल्या शेवग्याखाली, तिथं ऊन चाळून येते. "पानं सगळी गळतीन. घाबरू नोका. ते नाटक असते झाडाचं."

"सूत मी कापनार नाही," काकू म्हणली.

"कापू नोका नं. आमी बी कापत नाही. सोडतो. अन् आमच्यात असं हाय, ज्याच्या हातानं बांधलं त्यानंच सोडावं. दुसऱ्याचा हात जोरात पडते, साल निघते."

काकूनं सुतावर हात ठेवला. "ह्यायले विचारल्याबिगर नाही," ती म्हणली. आई म्हणली, "अवं, पन कसं विचारशीन?" पत्र जायले चार दिवस, यायले चार, अन् येईनच हे कोण सांगते. चाचा उठले. जाताना दारात म्हणले, "दोन दिसात सांगजा. मंग मी बी काई करू शकनार नाही."

दुसऱ्या दिवशी कुरड्या होत्या. गव्हाचा चीक चुलीवर शिजत होता. आई लाकडी दांड्यानं घोटत होती, अन् त्याचा तो आंबूस गोड वास गल्लीभर पसरलेला. आमचं पोरायचं लक्ष पातेल्याच्या तळाकडं. खरवडलेला गरम चीक, वरून तेल मीठ, बोट भाजत असलं तरी खायचा. पण मी त्या दिवशी आपणहून घरावरच्या धाब्यावर कुरड्या राखायले बसली. काकूसमोर यायची लाज वाटे. कावळे आले का मी कावळ्याचा आवाज काढू, धोक्याची हाक असते न त्यायची, तो, अन् कावळे उडून जात. उन्हानं डोकं तापलेलं. तेवढ्यात काकू शिडी चढून वर आली. काकू कधी वर येत नसे. तिच्या हातात काकाचं एक जुनं कार्ड होतं, कोपरे मऊ झालेलं. ते तिनं माह्या हातात दिलं अन् समोर उकिडवी बसली.

"वाच."

"हे वाचलं आहे काकू. निळ्या दुधाचं."

"हे नाही. जे आलं नाही ते वाच."

मले आधी समजलं नाही. मंग समजलं अन् मी कार्ड तिच्याकडं परत सरकवलं. मी म्हणलं, "काकू, मी आता नाही काढत तो आवाज."

"मी सांगून राह्यली. त्यायले इचार, सूत सोडू काय म्हनून. अन् वाच काय लिवलं ते." तिनं पदरानं कपाळ पुसलं. "खोकला तेवढा नोको काढू."

तिले माहीत होतं का कार्डावर तसं काही नाही. मले माहीत होतं का तिले माहीत आहे. मी कितीकायचे आवाज काढले होते, पण त्यायनं बोललेलंच बोलत आली होती. न बोललेलं कोणाच्या आवाजात बोलायचं म्हणजे काय, हे मले कोणी शिकवलं नव्हतं. चुकीचं निघालं तं ती आयुष्यभर मले माफ करणार नाही, अन् बरोबर निघालं तरी ते माह्यंच असणार. मी कार्ड डोळ्यासमोर धरलं. निळ्या दुधाची ओळ दिसत होती. मान लांब केली. काका कार्ड लिहिताना ओठ हलवत, तसे आधी ओठ हलवले.

"चिरंजीव सौभाग्यवतीस अनेक आशीर्वाद," मी वाचलं. "वड मजेत आहे म्हनून तुमी दोघी लिवता. मले काई समजत नाही काय? मैनेचं अक्षर बारीक झालं का मी समजतो." काकूनं माह्याकडं पाह्यलं नाही. ती कुरड्याकडं पाहत होती. "तू सात जनम म्हन्तं, अन् याच जनमात गळा आवळून राह्यली त्याचा. मले इथं दम लागला का डाक्तर पहिले सदऱ्याची गुंडी सोडते. सूत बी तसंच समज. मंग बाकीचं." मी थांबली. काकू म्हणली, "मंग?" मले पुढचं काही सुचलं नाही. जे आलं ते वाचलं. "अकरा वर्सं धरून ठेवलं वं तू. आता जरा ढिलं सोड. मी काई कुठं जाऊन नाही राह्यलो."

हे शेवटचं वाक्य खरंच काकाचं होतं. काकूनं कार्ड माह्या हातातून घेतलं, घडी नसलेल्या कार्डाची घडी घातल्यासारखं केलं अन् कनवटीले खोचलं. "कुरड्या पलटव," म्हणली, "एका अंगानं वाळल्या."

सूत सोडायले पुरती एक सकाळ अन् अर्धी दुपार लागली. वड शेवग्याखाली पाटावर. चाचा बाजूले त्यायचा वाकडा चाकू घेऊन, पण तो चाकू त्यायनं सूत संपेपर्यंत उघडला नाही. मी दोन्ही हात समोर धरून बसलेली, अन् काकू सोडलेलं सूत माह्या हातायवर गुंडाळत होती. वरचं सूत पांढरं, भराभर निघालं. ते पौर्णिमेचे जास्तीचे वेढे. खालचं पिवळं, मंग तपकिरी, हळदीनं चिकटलेलं. काकू नखानं टोक शोधे, तोंडातली थुंकी लावून ओलं करे अन् अलगद उकले. "हे त्या वर्साचं," ती म्हणे, "मैनेले गोवर आला होता." "हे ह्यायच्या बोटाले यंत्र लागलं तेव्हाचं." "हे..." अन् मंग ती काही सांगे नाही. त्या वर्षी काकूचं बाळ दोन दिवसच राहिलं होतं. मले तेव्हा माहीत नव्हतं, आईले होतं. आई मधातच उठून चुलीकडं गेली. सगळ्यात आतलं, लग्नाच्या वर्षाचं सूत निघालंच नाही. सालीनं ते पोटात घेतलं होतं, वरून नुसती एक रेघ. काकूनं चाचाकडं पाह्यलं. "राहू द्या," चाचा म्हणले, "ते आता त्याचंच झालं."

मंग चाचायनं कुंडी आडवी करून झाड उपसलं. आत माती नावालेच. मुळंच मुळं, गोल गोल फिरून कुंडीच्याच आकाराची झालेली, अन् आंबट वास. तिसरा हिस्सा मुळं छाटली. काकू तोंड फिरवून उभी राहिली. नव्या मातीत विटायचा चुरा, बारीक रेती, जुनं शेणखत. मी म्हणलं, "आपली काळी माती घाला न, कापूस किती येते तिच्यात." चाचा म्हणले, "काया मातीले पानी सोडायची दानत नाही." पाणी फक्त एकदा, अन् मंग बोट घालून कोरडं लागलं तरच. दूध बिलकुल नाही. ते दूध मंग मले मिळू लागलं. मी वडाची फार आभारी आहे.

चौथ्या दिवशी शेवटचं पान पडलं. वटपौर्णिमेले अंगणात कुंडीत एक काडक्यायचा झुपका होता, बस. गल्लीतल्या बाया वडाकडं जाता जाता आमच्या दाराशी थांबल्या. एक म्हणली, "हे काय वं, खराटा पुजतं काय?" मी तिचा आवाज लगेच काढला असता, पण आईनं माह्या तोंडात सुपारी ठेवलेली होती. काकूनं हिरवं लुगडं नेसलं, पाण्याचा नैवेद्य दाखवल्यासारखं बोट घालून माती पाहिली, सात फेरे घेतले. अंगणात जागा होती म्हणून फेरे मोठे झाले. सूत खोडाले नाही, कुंडीले गुंडाळलं, सैल, अन् गाठ मारलीच नाही. दुपारच्या वाऱ्यानं ते अर्धं सुटून लोंबत होतं. तिनं ते पाह्यलं अन् राहू दिलं.

त्याच्यानंतर सोळा दिवस काही झालं नाही. सतराव्या दिवशी सकाळी काकूनं मले हाक मारली, "मैने, इकडं ये. आवाज नोको करू." खोडाच्या वरच्या अंगाले, सूत जिथं सगळ्यात जास्त रुतलं होतं त्याच्या वरच, एक टोक आलेलं होतं. लालसर, बारीक, मांजराच्या नखासारखं. आम्ही दोघी उकिडव्या बसून पाहत होतो. तिनं ना हात जोडले ना काही. "नऊवरून एकावर आलो," ती म्हणली, अन् चूल पेटवायले गेली.

कार्ड आलं त्याच हप्त्यात, परक्या अक्षरात, कोण्या शेजारच्या खाटेवरच्या माणसानं लिहिलेलं. मधात दुखणं वाढलं होतं, हातात पेन धरवत नव्हता, आता उतार आहे. ते मी माह्या स्वतःच्या आवाजात वाचलं. काकूनंही तो आवाज मागतला नाही. अन् उत्तर लिहिताना मी तिनं सांगतलेलं सगळं लिहिलं, पानं गळाली ते, मुळं छाटली ते, सूत सोडलं ते. अक्षर मोठं येत गेलं अन् कार्ड पुरलं नाही.

तो वड आज माह्या गॅलरीत आहे. काकूनं तो मले दिला, जाताना नाही, चांगली धडधाकट असताना, "तुह्यं तोंड चालू राह्यते, त्याले करमंन" म्हणून. खोडावर ती रेघ अजून आहे. बोट फिरवलं का लागते. नातू म्हणते, जखमेची खूण असंन. मी म्हणते, असंन.

काका आले ते पोळा होऊन गेल्यावर. येणार हे माहीत होतं, कधी येणार हे नव्हतं. दुपार होती. मी अन् काकू अंगणातल्या सावलीत समोरासमोर बसून मूग निवडत होतो. वडाले तोपर्यंत एवढी पानं झाली होती का काकूनं मोजणं सोडलं होतं. मले आईनं गुळाचा खडा दिलेला, मोठा, गालात मावत नव्हता. तेवढ्यात ओसरीकडून खोकला आला. आधी दार वाजवल्यासारखा बारीक, दोनदा. मंग लांब, पण पहिल्याएवढा नाही, चढण कमी झाल्यासारखा. अन् शेवटी "हंऽ".

काकूनं मान वर केली नाही. सुपात बोट फिरवत राहिली. "मैने," ती म्हणली, "तुले सांगतलं होतं न म्या, तो आवाज नोको काढत जाऊ म्हनून."

मी नुसती मान हलवली. बोलताच येत नव्हतं. काकूनं हळूहळू वर पाह्यलं. माह्या तोंडाकडं, गालातल्या गुळाकडं.

"पानी दे वं," ओसरीतून आवाज आला.

या वेळी ती पळाली नाही. सूप बाजूले ठेवलं, मांडीवरचे मूग झटकले, पदर सारखा केला. तांब्या काठोकाठ भरला, अन् एक थेंब न सांडता चालत गेली.